गुरुवारी न वितळणारी भिंत

सारजा देवकातेनं सूर्याची भट्टी पहिल्यांदा पेटवली ती बारामतीत, कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटच्या मागल्या खोलीत. त्या खोलीतला पंखासुद्धा मनात आलं तरच फिरायचा. साल सत्त्याण्णव. खोलीत एक कॉम्प्युटर, त्याच्यावर कुणीतरी घरून आणलेलं भरतकामाचं झाकण, आणि दारावर पाटी, ‘चपला बाहेर काढाव्यात’. सारजा चपला काढायची, झाकणाची घडी घालायची, बटण दाबायची आणि एक भिंत जाळायला बसायची.

कऱ्हाटीच्या धनगराची पोरगी, बी.एस्सी. झालेली, डिपार्टमेंटला लॅब असिस्टंट. भिंगं, लोलक आणि मीटर पुसून कपाटात ठेवायचे, एवढंच तिचं नेमून दिलेलं काम. हिला असल्या भट्टीशी काय करायचंय, असं विचारणारे स्टाफरूममध्ये होतेच. भट्टी म्हणजे काय ते त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. सारजाला येत होतं. कुणी थांबून विचारलं, की ती कॅन्टीनच्या कट्ट्यावर बोटानं गोल काढायची.

ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखं एक पोकळ पोलादी कडं. आतली हवा काढून घ्यायची, चिमूटभर वायू सोडायचा आणि तो असा तापवायचा, की सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत मिसळतात तसे इथंही मिसळावेत आणि त्यातून वीज करता यावी. इतका तापलेला वायू धरील असं भांडं नाही, म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी पकडून ठेवायचं. पण तो काही गोठ्यातली गाय नाही. कधीतरी उधळतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगातली सगळी आग भिंतीवर ओततो. भिंतीला आतून टंगस्टनचा पत्रा, बल्बमधल्या तारेचाच धातू, सगळ्यांत चिवट. त्या एका तडाख्यात तो वितळतो का टिकतो, एवढाच प्रश्न.

दर वेळी खरी भिंत बांधून जाळायला कुणाचा बाप बसलाय? म्हणून ती कॉम्प्युटरच्या पोटात बांधायची आणि तिथंच जाळायची. त्याची रीत सारजाला फार आवडायची. भिंतीचे थर पाडायचे. तडाख्याच्या बाजूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आत जावं तसे जाडे. प्रत्येक थर शेजारच्याला विचारतो, तू किती तापलास? त्या हिशेबानं थोडी आग घेतो, थोडी पुढं ढकलतो. मग काळ केसभर पुढं सरकवायचा आणि सगळ्यांनी सगळ्यांना पुन्हा विचारायचं. सकाळी चालू केलेलं हे विचारणं संध्याकाळी संपायचं. तडाखा तेवढा सुरुवातीलाच उरकायचा. पुढचा सगळा दिवस भिंत निवत बसायची.

हे काम आलं होतं आपटे सरांच्या हातून. रमाकांत आपटे, डिपार्टमेंटचे प्रमुख, भित्रा माणूस पण लबाड नव्हे. त्यांच्या ओळखीनं गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेनं हे छोटं गणित बारामतीला दिलं होतं. आमच्या नव्या यंत्राची भिंत एका तडाख्यात किती तापते ते तुम्हीही काढा, आमच्या उत्तराशी ताडून बघू. सरांना कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती. सारजाला येत होती, कारण एकदा स्टाफरूममधल्या कुणीतरी ‘फोरट्रान काय लॅब असिस्टंटनं शिकायची गोष्ट आहे का’ असं म्हटलं होतं. त्याच आठवड्यात तिनं पुस्तकाची झेरॉक्स काढली आणि जिद्दीनं शिकली. तिला अक्कल शिकवायला राग पुरेसा असायचा.

तिकडच्या गणितवाल्या गटात एक जागा रिकामी होती. गणित नीट जमलं तर मुलीचं नाव पुढं करतो, असं सर म्हणाले होते. गटाच्या प्रमुख सरोजिनी मॅडम, मूळच्या पुण्याच्या, त्यांनी ‘बघू’ असं कळवलं होतं. सारजाचा सगळा जीव त्या एका ‘बघू’वर टांगलेला. लोलक पुसत म्हातारं व्हायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

घरी तिनं हे बापाला सांगून बघितलं. म्हस्कू देवकाते उभ्या आयुष्यात मेंढरांमागं फिरलेला माणूस. आता कऱ्हाटीत थोडी शेती, दारात चार शेरडं.

“म्हंजी भिंत जळती का न्हाय ह्ये बघायला भिंत नको?” म्हस्कूनं विचारलं.

“नको, आबा.”

“मग राख कुठनं येती?”

“राख येत न्हाय. आकडा येतो.”

“आन त्या आकड्यानं कुणाचा हात भाजतो का?”

“चुकला तर माझा.”

“मग जपून,” म्हस्कू म्हणाला आणि शेरडांकडं वळला.

ह्या म्हस्कूची एक खोड आख्ख्या वाडीत ठाऊक होती. कळप घेऊन बाहेर पडला, की तळ हलेल तसे त्याचे दिवस नव्यानं सुरू व्हायचे. नव्या रानात मेंढरं बसली, की तो पहिला दिवस. मागचं मागं. घर सोडून पावसाळ्याएवढा काळ लोटलेला असला, तरी कुणी विचारलं, “म्हस्कूतात्या, किती दिस झालं निघून?” तर हा बेधडक सांगायचा, “तिसरा.” सारजाचं लहानपण ह्याच हिशेबात गेलं. तळ हलला की दिवस पहिला.

गणितात अडचण एकच होती. लाइट. सकाळी असायची, दुपारी जायची, दीड-दोन तासांनी लहर लागली की यायची. दिवसभराचं गणित अर्ध्यावर मेलं की पुन्हा पहिल्यापासून. सारजानं त्यावर तोड काढली. दर थोड्या वेळानं कॉम्प्युटरनं सगळ्या थरांचं तापमान फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं. लाइट गेली, जाऊ दे. आली की एक कमांड द्यायची, फ्लॉपीवरचं तापमान उचलायचं आणि पुढं चालू. आपटे सरांनी पाठ थोपटली. शिपाई हिंदुराव म्हणाला, “सारजाबाय, ही युगत आमच्या मोटारीला लावून द्या की. पाणी जितं थांबलं तितनं पुढं.”

आणि उत्तर आलं. भिंत वितळत होती.

सारजानं पुन्हा चालवलं. सोमवारी वितळली. मंगळवारी वितळली. बुधवारी थर आणखी बारीक केले, तरी वितळली. गुजरातवाल्यांचं स्वतःचं उत्तर होतं की भिंत थोडक्यात वाचते. म्हणजे चुकले होते ते. सारजाच्या अंगात त्या दिवशी असं काही भरलं, की ती कॉलेजपासून स्टँडपर्यंत चालत नव्हती, पळत होती. आपटे सर म्हणाले, जरा थांबू, पुन्हा तपासू. ती म्हणाली, “सर, कितीदा तपासायचं? त्यांचं चुकलं म्हणून आपण लाजायचं का?” शेवटी सरांनी पत्र लिहायला घेतलं, तेव्हा पहिलं वाक्य तिनं सांगितलं. ‘आपली भिंत वितळते.’ सरांनी त्याच्या आधी ‘आमच्या अल्पमतीनुसार’ घातलं. तिनं ते खोडायला लावलं.

उत्तर फोनवर आलं. सरोजिनी मॅडम सोलापूरला व्याख्यानासाठी चालल्या होत्या. वाटेत शनिवारी बारामतीला येतो, मुलीनं मला ते समोर चालवून दाखवावं.

झालं. आता ‘बघू’चं ‘बघायला येते’ झालं होतं.

त्या आठवड्यातला गुरुवार. एरवी गुरुवारी त्या खोलीवर कॉमर्सच्या पोरांचं प्रॅक्टिकल असायचं, म्हणून सारजानं गुरुवारी गणित कधी लावलंच नव्हतं. ह्या गुरुवारी पोरांना परीक्षेची सुट्टी लागली होती. शनिवारसाठी हात साफ करावा म्हणून तिनं सकाळी गणित लावलं. बाहेर बाजाराचा दिवस, रस्ता माणसांनी गच्च. संध्याकाळी तिनं पडद्यावर बघितलं, आणि बघतच राहिली.

भिंत वितळली नव्हती.

सगळ्यात वरचा पापुद्रा तापला, वितळायच्या रेषेच्या अगदी जवळ गेला, आणि मागं फिरला. थोडक्यात वाचला. गुजरातवाले म्हणत होते तसाच.

“काय झालं ओ?” हिंदुराव कुलूप घेऊन दारात उभा होता.

“भिंत वितळली न्हाय.”

“मग बरंच की.”

“बरं कसलं? आजवर दर वेळी वितळली. आज न्हाय.”

हिंदुरावनं थोडा विचार केला. “आज गुरुवार. दत्ताचा वार. उपास धरला आसंल.”

सारजाला हसू आलं नाही. शनिवार परवावर. पत्रातलं पहिलं वाक्य तिचं. आणि भिंत वार बघून वितळत होती. देव वार बघतो, माणूस वार बघतो, टंगस्टन बघत नाही. मग आज वेगळं काय झालं? थर तेच. तडाखा तोच. तिनं सकाळपासून आपल्या हातांनी काय काय केलं ते एकेक आठवलं. झाकण काढलं, बटण दाबलं, कमांड दिली, चहा घेतला, आणि…

आणि ती दुसरी कमांड आज दिलीच नव्हती. फ्लॉपीवरून तापमान उचलायची. द्यावीच लागली नव्हती. बाजाराच्या दिवशी ह्या भागातली लाइट कधी कापत नसत. व्यापाऱ्यांच्या शिव्यांना भिऊन असेल किंवा कशानं असेल. आज दिवसभर लाइट गेली नव्हती.

“हिंदुराव, कुलूप लावू नका,” ती म्हणाली. तिनं थर जाडे केले, म्हणजे उत्तर ओबडधोबड येईल पण लवकर येईल. गणित पुन्हा चालू केलं. तडाखा बसला, भिंत तापली, मागं फिरली, निवायला लागली. मग सारजा उठली, व्हरांड्यात गेली आणि मेन स्विच खाली ओढला.

आख्खी इमारत बंद. ऑफिसातलं झेरॉक्स मशीन कागद तोंडात धरून थांबलं. हेडक्लार्क बाहेर येऊन ओरडायला लागले, “कोण आहे तो गाढव?” हिंदुराव त्यांच्यापुढं आडवा उभा राहून सांगत होता, “सायेब, फिजिक्सचा प्रयोग हाय, सूर्याचा.” तोवर सारजानं स्विच वर केला, खोलीत पळाली, फ्लॉपीवरून उचलायची कमांड दिली.

भिंत वितळली.

ती खुर्चीत मागं रेलली आणि मग मोठ्यांदा हसायला लागली. सापडलं होतं. फ्लॉपीवर तापमान होतं, सगळ्या थरांचं, बिनचूक. घड्याळ नव्हतं. काळ किती सरला होता ते तिनं उतरवून ठेवलंच नव्हतं. लाइट आली की भिंत होती तशी अर्धवट तापलेली, पण घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि गणितात शून्यावर काय व्हायचं? तडाखा. म्हणजे लाइट गेली की भिंतीला दुसरा तडाखा बसायचा, पहिल्यातून सावरायच्या आत. पहिल्यात थोडक्यात वाचलेली भिंत दुसऱ्यात कशी वाचेल?

तळ हलला की दिवस पहिला. मागचं मागं. म्हस्कू देवकात्याचा हिशेब त्याच्या लेकीनं फोरट्रानमध्ये लिहिला होता, आणि तो लिहिताना तिला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं.

आपटे सरांना तिनं त्याच संध्याकाळी घर गाठून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण ते रागावले नाहीत. “हे बघ सारजा,” ते म्हणाले, “उद्या दुरुस्त कर. शनिवारी नवं उत्तर दाखव. त्यांच्याशी जुळतंच आहे. पत्राचं कशाला काढायचं? घाईत लिहिलं म्हणून सांगू. मी सांगतो.”

“पत्रातलं वाक्य माझं होतं, सर.”

“म्हणून तर म्हणतो. ती जागा जाईल.”

“जाऊ दे. त्यांना इतक्या लांबून बोलावलंय ती चूक बघायला. चूकच दाखवते.”

हे ती तोऱ्यात म्हणाली खरी. एसटीत बसल्यावर मात्र ती सरांचं बोलणं पुन्हा मनात घोळवत बसली. शहाणपण सरांचंच होतं. पण मानेवर ओझं घेऊन गुजरातला जायचं आणि रोज मॅडमच्या तोंडाकडं बघायचं, हे तिच्यानं झालं नसतं. आणि दुसरं एक डोक्यात भुणभुण करत होतं. चूक ती चूकच. पण त्या चुकीनं एक प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न काही मूर्ख नव्हता.

शुक्रवारी तिनं दोन गणितं तयार केली. पहिलं दुरुस्त, घड्याळसुद्धा फ्लॉपीवर. दुपारी नेमानं लाइट गेली, आली, आणि भिंत वितळली नाही. दुसरं तिनं मुद्दाम चुकीचं ठेवलं, पण लगाम लावून. दुसरा तडाखा कधी मारायचा ते आता लाइट नाही, ती ठरवणार.

शनिवारी सकाळी बारामतीत लाइटच नव्हती. जायची ती दुपारी, ह्या दिवशी सकाळीच गेली. कॉलेजजवळचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता आणि संध्याकाळपर्यंत काही खरं नव्हतं. मॅडमची गाडी आली तेव्हा सारजा अंधाऱ्या खोलीच्या दारात फ्लॉप्या हातात घेऊन उभी होती. सरोजिनी मॅडम ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. आपटे सर स्वागताची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात सारजा बोलून गेली.

“मॅडम, तुमची भिंत वितळत नाही. चूक माझी होती.”

मॅडमनी सरांकडं बघितलं, मग तिच्याकडं. “मग मी पुण्याहून वाकडी वाट करून कशाला आले?”

“ती चूक बघायला.”

“दाखव.”

“लाइट नाही.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. “मला संध्याकाळी सोलापुरात उभं राहून बोलायचंय. इथं थांबता येणार नाही.”

“तुमचा रस्ता इंदापूरवरनंच जातो,” सारजा म्हणाली. “तिथं माझ्या मावसभावाचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याच्याकडं जनरेटर आहे. मला गाडीत घ्या. तिथवर पोचवा, पुढचं मी बघते.”

आपटे सरांनी डोळे मिटून घेतले. लॅब असिस्टंट पाहुण्यांच्या गाडीत स्वतःची जागा मागत होती. मॅडम म्हणाल्या, “बस. सर, तुम्हीही या.”

गाडीनं लासुर्णं मागं टाकलं. मग मॅडमनी विचारलं, चूक काय होती. सारजानं सगळं सांगितलं, लाइट, फ्लॉपी, गुरुवार, मेन स्विच, हेडक्लार्क, काही लपवलं नाही. बापाच्या तळांचा हिशेबसुद्धा सांगितला. निमगाव केतकीपर्यंत मॅडम खिडकीबाहेर तोंड करून हसत होत्या. मागच्या सीटवर आपटे सरांना घाम फुटला होता. त्यांना वाटलं, ही मुलगी आपली जागा आपल्याच हातानं उसाच्या फडात फेकून देतेय.

बिरदेवचा क्लास इंदापूर स्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर. वाटेत एसटीडी बूथवरून निरोप गेला होता. बिरदेवनं टायपिंगला आलेली पोरं हाकलून दिली होती. “आज सुट्टी. सूर्य यायचाय.” खाली जनरेटर धडधडत होता आणि सगळी माडी थरथरत होती.

“आक्का, मशीन जुनं हाय हां,” तो सारजाच्या कानात म्हणाला. “रडत चालतंय.”

“चालतंय ना? मग झालं.”

तिनं थर जाडे केले आणि मॅडमना खुर्ची दिली. पहिलं गणित, एक तडाखा. आकडा चढला, रेषेजवळ गेला, मागं फिरला. मॅडमनी मान हलवली. “आमचंच उत्तर.”

“हो. आता दुसरं. दोन तडाखे. मधलं अंतर तुम्ही सांगा.”

“कशासाठी?” मॅडमचा आवाज कोरडा झाला. “दुसरा तडाखा तुमच्या लाइटमुळे बसला. आमच्याकडे लाइट जात नाही. वायू उधळला की आम्ही यंत्र थांबवतो.”

आपटे सर पटकन म्हणाले, “बरोबर आहे मॅडम, ते फक्त तिचं…”

“थांबवता म्हणजे तुम्ही थांबवता,” सारजा म्हणाली. “वायू थांबतो का? थांबायच्या आधी तो एकदाच लाथ मारून गप बसतो, असं त्यानं लिहून दिलंय का तुम्हाला?”

बिरदेवनं उगाच टेबल पुसायला घेतलं. सारजाला वाटलं, गेलं. इथवर आणलं आणि जिभेनं घालवलं.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. “नाही,” त्या म्हणाल्या. “एकदाच मारून गप बसत नाही. बारक्या लाथा तो मारतच असतो, एकामागून एक. परदेशात ह्याच्यावर काम चाललंय. आम्ही प्रत्येक लाथेचा हिशेब वेगळा करतो. दर वेळी भिंत गारच आहे असं धरून.” त्यांनी खुर्ची पडद्याकडं ओढली. “जवळचं अंतर घे.”

भिंत वितळली.

“लांबचं घे.”

वाचली.

“मधलं.”

आता कुणीच सोलापूरचं नाव काढत नव्हतं. मॅडम अंतर सांगायच्या, सारजा बटणं दाबायची, जुनं मशीन रडत रडत चालायचं, आणि आकडा चढायला लागला की चौघं माना पुढं काढून बघायचे. वाचते का वितळते? वाचते का वितळते? बिरदेव आधी गप होता, मग प्रत्येक वेळेला आपला अंदाज सांगायला लागला, आणि दोनदा बरोबर निघाल्यावर त्यानं आपटे सरांना बघा म्हणून कोपर मारलं. हळूहळू दिसायला लागलं, की मध्ये एक सीमा आहे. तिच्या अलीकडं दुसरा तडाखा आला की भिंत गेली, पलीकडं आला की राहिली. लहान तडाख्यांना ती सीमा सरकायची, मोठ्यांना सरकायची, पण असायची. मॅडमच्या गालांना रंग चढला होता. त्या सारजाला आता कशासाठी म्हणून विचारत नव्हत्या, हुकूम सोडत होत्या, आणि सारजा त्यांना उलट सांगत होती की नाही, आधी हे बघू.

मध्येच खाली जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. पडदा काळा.

“डिझेल,” बिरदेव म्हणाला आणि कॅन घेऊन जिना उतरला.

“आता पहिल्यापासून?” मॅडमनी विचारलं.

“बघा तुम्हीच,” सारजा म्हणाली.

जनरेटर पुन्हा लागला. तिनं फ्लॉपीवरून उचलायची कमांड दिली. तापमान आलं. घड्याळही आलं, जिथं थांबलं होतं तिथून. भिंत निवत होती, ती निवतच राहिली. जास्तीचा तडाखा बसला नाही. आपटे सरांनी दोन दिवस छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला.

चहा झाला. मॅडमचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा वर येऊन गेला. मॅडम उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला. “दुसऱ्या गणिताची फ्लॉपी दे. मोठ्या मशीनवर बारीक थर घेऊन चालवायला हवं. सोमवारी लावते.”

सारजानं फ्लॉपी उचलली. काळी, चौकोनी, कोपऱ्यावर निळ्या शाईनं लिहिलेली तारीख. तिनं ती दिली नाही. “जागेचं काय ठरलं, मॅडम?”

“सारजा,” आपटे सर हळूच म्हणाले.

“विचारू दे, सर. पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, चुकीचं लिहिलं होतं. ते निस्तरलंय. आता ह्या फ्लॉपीत काय आहे, ते बारीक थरांवर कुठं अडतंय, कुठं दगा देतंय, हे तिकडं कुणाला ठाऊक नाही. हिच्याबरोबर मी लागणार. फ्लॉपी एकटी जाणार नाही.”

मॅडमनी पुढं केलेला हात मागं घेतला. “जागा माझ्या एकटीच्या हातात नाही. मुलाखत होईल. तिथं असंच बोललीस तर काहींना आवडणार नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मला सोमवारी ते गणित लावायचंय,” मॅडम म्हणाल्या. “तू फ्लॉपी देत नाहीस, म्हणजे सोमवार जमणार नाही. मग ज्या दिवशी येशील त्या दिवशी लावू. लवकर ये.”

गाडी सोलापूर रस्त्याला लागली. सारजा आणि आपटे सर बारामतीच्या एसटीत बसले. सर पावसापाण्याच्या गप्पा करत राहिले, त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. सारजानं फ्लॉपी रुमालात गुंडाळून छातीशी धरली होती आणि खिडकीतून येणारा उसाचा वास तिला पहिल्यांदाच आल्यासारखा वाटत होता.

मुलाखत झाली. काहींना आवडलं नाहीच. पण मॅडमनी इंदापूरच्या माडीवरची ती सीमा कागदावर काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ही आपल्यापैकी कुणी आधी काढली होती का? कुणी काढली नव्हती.

निघायच्या दिवशी म्हस्कू बारामतीच्या स्टँडवर आला होता. पागोटं नवं, चेहरा कोरा. “किती लांब हाय त्ये?” त्यानं विचारलं.

“लई लांब, आबा. रात्रंदिवसाची वाट.”

“मग तितं पोचलीस की पहिला दिवस धर,” म्हस्कू म्हणाला. “मागचं मोजत बसू नगंस.”

सारजाला रडू यायला पाहिजे होतं, आलं हसू. बाप कशावर हसली म्हणून बघत राहिला. गाडी हलली तरी तिला सांगता आलं नाही.

तिकडं मोठी मशीनं, गार खोली, आणि लाइट कधीच जात नव्हती. सोमवार असो का गुरुवार, भिंतीला आपणहून दुसरा तडाखा बसायचा काही मार्गच नव्हता. म्हणून सारजानं गणितात एक वेगळा तुकडा लिहिला. त्याचं काम एवढंच: भिंत होती तशी तापलेली ठेवायची, आणि घड्याळ तेवढं पुन्हा शून्यावर आणायचं. तुकड्याला नाव द्यावं लागतं, आणि त्या भाषेत नाव इंग्रजी सहा अक्षरांत बसवायला लागायचं. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी डोकावून म्हणाला, हे कसलं नाव, ‘रीसेट’ असं काहीतरी लिही ना.

“बसतंय बरोबर सहात,” सारजा म्हणाली आणि तिनं टाइप केलं, म्हस्कू. मग बटण दाबलं आणि भिंत वाचते का वितळते ते बघायला खुर्ची पुढं ओढली.